हवेसाठी गाव बदलताना: आधी डिसेंबरची पहाट बघा, मग घर बघा

पुण्यात आमच्या सोसायटीच्या तिन्ही बाजूंना चार वर्षं बांधकाम चालू होतं. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. दिवाळी संपली की त्याच्या छातीत घरघर सुरू व्हायची आणि होळीपर्यंत नेब्युलायझर कपाटात परत जायचा नाही. आमच्या आजीच्या काळी डॉक्टर सरळ सांगायचे, "हवापालट करा." तो शब्द मनात धरून आम्ही गाव शोधायला निघालो आणि पहिल्याच फेरीत फसलो, कारण आम्ही जुलैत गेलो होतो. जुलैत सह्याद्रीच्या कडेचं कुठलंही गाव आवडतं. पावसाने हवा धुतलेली असते, डोंगर हिरवेगार असतात, मोबाईलवरचा हवेच्या प्रदूषणाचा आकडा वीस-पंचवीस दाखवतो. तेच गाव जानेवारीत सकाळी सातला पाहिलं, तर वीटभट्ट्यांचा धूर ओढ्याच्या कडेने नारळाच्या शेंड्यांखालीच थांबलेला होता. तोवर टोकन दिलं नव्हतं म्हणून वाचलो.

शेवटी साताऱ्यात घर केलं, त्याला आता सहा वर्षं झाली. ओळखीतल्या चार-पाच कुटुंबांनी आमच्या मागोमाग गावं शोधली. कुणी कोकणात गेलं, कुणी नाशिककडे, कुणी गोव्यात. त्या सगळ्यांना जे सांगत आले, ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं बरीचशी साताऱ्याची आहेत, कारण तिथली हवा मी रोज घेते. पण पद्धत कुठल्याही गावाला लागू पडेल.

पायरी पहिली: आकडा वाचायला शिका

आपल्याकडचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून वापरात आहे. त्यात आठ प्रदूषकं मोजली जातात. पण जाहीर होणारा आकडा ही त्या आठांची सरासरी नसते. ज्या प्रदूषकाची स्थिती सगळ्यात वाईट, त्याचाच आकडा निर्देशांक म्हणून दाखवतात. म्हणून नुसता आकडा बघून थांबू नका, तो कशामुळे आला तेही बघा. पीएम म्हणजे हवेत तरंगणारे कण आणि पुढचा आकडा म्हणजे त्यांचा जास्तीत जास्त आकार, मायक्रॉनमध्ये. पीएम १० मुळे असेल तर बहुधा रस्त्याची, बांधकामाची किंवा खडी क्रशरची धूळ असते. पीएम २.५ मुळे असेल तर काहीतरी जळतंय असं समजा. दम्याच्या माणसाला दोन्ही त्रासदायक, पण बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, म्हणून माझी नजर आधी पीएम २.५ कडे जाते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपल्या निर्देशांकात ० ते ५० म्हणजे 'चांगली' हवा. पण ५० हा आकडा पीएम २.५ च्या ३० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरला येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली चोवीस तासांसाठी १५ ची मर्यादा सुचवली आणि वर्षाच्या सरासरीसाठी फक्त ५ ची. आपलं राष्ट्रीय मानक वर्षाला ४० आहे. म्हणजे आपल्याकडे हिरव्या रंगात दिसणारी हवाही त्या मापाने दुप्पट धूसर असू शकते. हे घाबरवायला सांगत नाही. निवांत बसून दोन गावांची तुलना करताना रंगांची नव्हे, मायक्रोग्रॅमची तुलना करा, एवढंच सांगायचंय.

दुसरी गडबड ॲपची. काही परदेशी ॲप अमेरिकी पद्धतीचा निर्देशांक दाखवतात. पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम आपल्या पद्धतीत १०० होतात, त्यांच्या पद्धतीत दीडशेच्या वर जातात. एका गावाचा आकडा एका ॲपवर आणि दुसऱ्याचा दुसऱ्यावर बघून ठरवलं तर चांगलं गाव हातचं जाईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप घ्या आणि सगळी गावं त्यावरच बघा. लहान गावांत सतत मोजणारं केंद्र बऱ्याचदा नसतं. हाताने नमुने घेणारं केंद्र असेल, तर तिथे आठवड्यातून दोनदाच मोजमाप होतं. अशा गावाचा एखादं ॲप तरीही तासातासाला आकडा दाखवत असेल, तर तो उपग्रहावरून आणि गणितावरून काढलेला अंदाज आहे असं समजा. अंदाज वाईट नसतो, पण आपल्या गल्लीतली वीटभट्टी त्याला दिसत नाही.

पायरी दुसरी: यादी करताना गावाच्या लौकिकावर जाऊ नका

'लहान गाव म्हणजे स्वच्छ हवा' हा समज आधी सोडा. केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेच्या मानकात सातत्याने न बसणाऱ्या शहरांची यादी केली. त्यात मुंबई-पुणे असणारच. पण कोल्हापूर, सांगली, जालना, लातूर, जळगाव आणि बदलापूरही आहेत. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खाताना हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. म्हणून कोल्हापूर राहण्यासारखं नाही असं मुळीच नाही. हवेसाठीच गाव बदलणार असाल, तर तिथे गल्ली जास्त काळजीने निवडावी लागेल, इतकाच त्याचा अर्थ.

कोकणाचं गणित वेगळं आहे. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे किनारपट्टी झाडून काढतात. रात्री मतलई वारे सुटतात आणि जमिनीवरचा धूर परत किनाऱ्याकडे आणतात. हिवाळ्यात मुंबईची सकाळ करडी दिसते, त्याचं एक कारण खारे वारे उशिरा आणि मंद सुटणं हे आहे. दापोली, सावंतवाडी, मालवण या बाजूंना कारखाने कमी, झाडी भरपूर, त्यामुळे तिथली हवा मनापासून आवडते. पण दोन गोष्टी तपासा. पहिली, जवळ रासायनिक वसाहत आहे का. लोटे, महाड, तारापूर ही नावं कोकणातच येतात. दुसरी, घरातली बुरशी. पावसाचे चार महिने भिंतींना, गाद्यांना, कपाटातल्या कपड्यांना ओल धरते आणि बुरशीची ॲलर्जी असलेल्या माणसाला स्वच्छ हवेतही धाप लागते. आमच्या नात्यातल्या एक काकू हवेसाठी हौसेने कोकणात गेल्या आणि दोन पावसाळे काढून देशावर परतल्या.

गोव्यात जाणार असाल तर वास्कोच्या बंदराजवळ घर बघताना कोळशाच्या धुळीबद्दल शेजाऱ्यांना जरूर विचारा. तिथल्या लोकांची ती जुनी तक्रार आहे. पाचगणी-महाबळेश्वरबद्दल फार सांगत नाही. हवा उत्तम आहे, पण बाराही महिने संसार करणं, शाळा, दवाखाना आणि महाबळेश्वरचा पाच हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस हे सगळं झेपेल का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पायरी तिसरी: तिथे काय जळतं ते शोधून काढा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच लोक गाळतात.

गावाचा नकाशा मोबाईलवर उपग्रहाच्या चित्रात उघडा. निवडलेल्या घरापासून पाच किलोमीटरच्या आत काय काय आहे ते वहीत लिहा. वीटभट्ट्या वरून विटकरी-काळ्या चौकोनांसारख्या दिसतात, बहुधा नदीच्या किंवा ओढ्याच्या कडेला. खडी क्रशर म्हणजे डोंगराला पडलेला पांढरा खड्डा आणि आजूबाजूला राखाडी झाडं. कचरा डेपो ओळखू आला नाही तर रिक्षावाल्याला विचारा. "डेपो पेटतो का हो?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं, कारण त्याचा धूर त्यानेही खाल्लेला असतो.

मग वर्षाचं जळण समजून घ्या. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्चच्या आसपास संपतो. ऊस तुटला की बरेच शेतकरी पाचट पेटवून देतात. हल्ली पाचट कुजवणारे शेतकरी वाढलेत, पण तुमच्या शेजारचा त्यांतला आहे का हे त्यालाच विचारावं लागेल. वीटभट्ट्या पावसाळा संपला की पेटतात आणि पुढच्या पावसापर्यंत चालतात. जानेवारी-फेब्रुवारीपासून डोंगरांवरचं वाळलेलं गवत पेटतं. साताऱ्यात यवतेश्वराच्या आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारांवर वणवे लागतात, तेव्हा रात्री खिडकीतून लाल रेघ दिसते आणि सकाळी अंगणात काजळीचे तुकडे पडलेले असतात. कोकणात आणि मावळात उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून पेटवतात. त्यात भर रोजच्या धुराची: पहाटे अंघोळीच्या पाण्यासाठी पेटवलेले बंब, शेकोट्या, झाडलोट करून रस्त्याकडेला पेटवलेला पाला. बंबाचा वास मला लहानपणापासून प्रिय आहे, पण मुलाच्या छातीला तो सोसत नाही, हे मान्य करावं लागलं.

एक जुनी खूण सांगते. आंब्याच्या, जांभळाच्या खोडांवर दगडफूल आहे का बघा. गोड्या मसाल्यात घालतो तेच, किंवा त्याच्या जातीचे राखाडी-हिरवट थर. त्याला मुळं नसतात, जे काही हवं ते हवेतून आणि पावसातून घेतं, त्यामुळे गंधकाच्या धुराला ते फार लवकर दाद देतं आणि नाहीसं होतं. गावातल्या जुन्या झाडांवर दगडफूल भरपूर असेल तर चांगलं लक्षण समजा. धुळीबद्दल मात्र ते फारसं सांगत नाही. धुळीसाठी तुळशीचं पान बोटाने पुसून बघा.

पायरी चौथी: डिसेंबर-जानेवारीत चार रात्री राहा

नातेवाइकांकडे नको, त्यांच्याकडे पाहुणचारात सकाळ निघून जाते. जिथे घर घ्यायचा विचार आहे, त्याच भागात खोली घ्या. चारांतल्या दोन तरी रात्री कामाच्या दिवसांच्या असू द्या.

थंडीत असं होतं. रात्री जमीन लवकर गार होते. डोंगरावरची गार, जड हवा उतारावरून खाली येते. शाळेच्या भूगोलात आपण त्यांना पर्वतीय वारे म्हणून शिकलो. ती खोलगट भागात साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. मग भट्टीचा, बंबाचा, ट्रकचा सगळा धूर त्या झाकणाखाली अडकतो. सूर्य वर येऊन जमीन तापली की झाकण सुटतं, साधारण नऊ-साडेनऊला. म्हणून डोंगरांच्या मधलं सुंदर गाव जानेवारीच्या सकाळी सात वाजता शहरापेक्षाही वाईट असू शकतं, आणि त्याच गावात दुपारी तीनला आकाश निळंशार असतं.

म्हणून सकाळी साडेसहाला बाहेर पडा आणि पुन्हा रात्री आठला. उंच जागेवर जाऊन खाली बघा. साताऱ्यात मी लोकांना 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकापाशी पाठवते. तिथून अख्खं शहर पायाशी दिसतं आणि धुराचा थर कुठे जाड, कुठे पातळ, हे डोळ्यांना स्वच्छ कळतं. माहुलीकडे, कृष्णा-वेण्णेच्या संगमाच्या बाजूला धुकं आणि धूर जास्त वेळ रेंगाळतात. शहर पश्चिमेला यवतेश्वराकडे चढत जातं, तिकडे लवकर मोकळं होतं. हे कुठल्याही ॲपवर दिसत नाही.

पीएम २.५ मोजणारा छोटा हातातला सेन्सर काही हजारांत मिळतो. शक्य असेल तर न्या. दाट धुक्यात मात्र त्यावर विश्वास ठेवू नका, तो पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजून मोठा आकडा दाखवतो. घरात दमेकरी असेल तर सेन्सरपेक्षाही पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकलेल्या श्वासाचा वेग मोजणारं छोटं यंत्र, उपयोगी. आधी दोन आठवडे स्वतःच्या घरी सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे लिहून ठेवा, मग त्या गावात. आम्ही तेच केलं. मुलाचा सकाळचा आकडा तिसऱ्या दिवसापासून वर गेला, आणि इथे वर म्हणजे श्वास मोकळा. चार दिवसांचा पुरावा तो केवढा, पण आम्हाला पाऊल उचलायला तेवढं बळ पुरलं.

पायरी पाचवी: गाव ठरलं, आता गल्ली

हिवाळ्यात देशावर वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो, पावसाळ्यात पश्चिमेकडून. पावसाळ्यात धूर नसतोच, म्हणून घराच्या पूर्वेला काय आहे ते बघा. साताऱ्यात महामार्ग आणि एमआयडीसी दोन्ही शहराच्या पूर्व अंगाला येतात. म्हणून शाहूपुरी, समर्थ मंदिर, मंगळवार तळं या पश्चिमेकडच्या बाजूंना माझी पसंती आहे. गोडोलीकडे घरं छान आहेत, पण अगदी महामार्गालगतचं नको.

वाहनांचा धूर रस्त्यापासून पहिल्या दोन-तीनशे मीटरांतच सगळ्यात जास्त असतो. तेवढं अंतर सोडलं तरी फरक पडतो. त्यातही चढाचा रस्ता टाळा. ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत चढतो, तेव्हा काळा धूर ओकतो. बेकरी, भट्टी, गॅरेज, कोळशाचं इस्त्रीचं दुकान घराखाली नको.

नगरपालिकेत जाऊन विकास आराखडा बघा. आज समोर मोकळं रान असेल, पण आराखड्यात तिथून रिंग रोड जात असेल. साताऱ्याची २०२० साली हद्दवाढ झाली आणि उपनगरांत बांधकामाने वेग घेतला. म्हणजे जी धूळ टाळायला पुण्यातून निघालो, ती पाठोपाठ येऊ शकते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या घरासमोर सहा महिन्यांत चार मजली इमारतीचा पाया खणला गेला. आराखडा बघितला असता तर ते दोन गल्ल्या मागे गेले असते.

पायरी सहावी: दाराबाहेर पडून पायी काय करता येतं

हवा स्वच्छ आणि पाय घरात, याला काही अर्थ नाही. गाडी न काढता पोहोचता येईल अशी एक तरी चढाची वाट, एक सावलीचा रस्ता आणि मुलांना खेळायला एक मैदान, एवढं मी बघते. दर शनिवारी गाडीने चाळीस किलोमीटर जाऊन निसर्ग बघणं वेगळं आणि रोज संध्याकाळी चप्पल घालून टेकडीवर जाणं वेगळं.

साताऱ्याने इथे आम्हाला भरभरून दिलं. अजिंक्यताऱ्यावर वरपर्यंत रस्ता आहे. पहाटे तिथे सत्तरीचे आजोबा काठी टेकत चढताना भेटतात आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं त्यांना "आजोबा, बाजूनं" म्हणत पळत जातात. यवतेश्वराचा घाट सायकलवाल्यांचा आणि धावणाऱ्यांचा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन त्याच चढावर होते. बोगद्यातून पलीकडे गेलं की सज्जनगड आणि ठोसेघरची वाट लागते. कासचं पठार पंचवीसेक किलोमीटरवर. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात त्याचा समावेश आहे. कासच्या तलावाचं पाणी शहराला येतं, म्हणून तिथे डबा खाताना खरकटं आणि प्लॅस्टिक परत आणायचं हे आमच्या मुलाला पाठ आहे. सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी फुलांसाठी गर्दी उसळते, घाट गाड्यांनी भरतो. त्या दोन दिवशी आम्ही तिकडे फिरकत नाही, मंगळवारी सकाळी जातो.

वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदला. थंडीत भल्या पहाटे पळायला जाण्याचा हट्ट सोडा. दमेकऱ्याने तर ऊन वर आल्यावर, नऊनंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास बाहेर पडावं. उन्हाळ्यात याच्या उलट, सहाला निघून आठच्या आत परत. पावसाळ्यात हवा सगळ्यात स्वच्छ, तेव्हा रेनकोट घालून रोज जा, फक्त शेवाळलेल्या पायऱ्यांवर जपून. पावसानंतर गाजरगवत फुलतं, त्याच्या परागकणांनी अनेकांना शिंका आणि धाप होते. प्लॉटच्या आजूबाजूला ते माजलेलं असेल तर फुलण्याआधी, हातमोजे आणि मास्क घालून उपटा.

पायरी सातवी: एक वर्ष भाड्याने

अकरा महिन्यांचा करार करा, जुनं घर विकू नका. चारही ऋतू त्या घरात काढा. दवाखाना किती दूर, रात्री दोनला ऑक्सिजन कुठे मिळेल, हे पहिल्याच आठवड्यात स्वतः जाऊन बघून या. शाळेची बस कुठल्या रस्त्याने जाते, तेही बघा. जमीन घ्यायची असेल तर एक लक्षात ठेवा: महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज घेता येत नाही. सातबारा वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. डोंगरउतारावरचे, "बिगरशेती होऊन जाईल" असं सांगून विकले जाणारे तुकडे तर नकोतच. तुमच्या बंगल्यासाठी डोंगर फोडला, तर ज्या हवेसाठी आलात तिचंच नुकसान.

इन्हेलर मात्र चालूच ठेवा. गाव बदललं, बरं वाटतंय म्हणून औषध आपल्या मनाने बंद करणारे मी पाहिलेत आणि पहिल्याच थंडीत त्यांना दवाखान्यात धावताना पाहिलंय. औषध कमी करायचं ते डॉक्टरने, तुमच्या वहीतले आकडे बघून.

पायरी आठवी: घराच्या आतली हवा

गाव बदलून घरात रोज रात्री डासांची कॉइल लावली, तर सगळी मेहनत वाया. खिडक्यांना जाळ्या बसवा, मच्छरदाणी लावा. फोडणी देताना एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. उदबत्ती-धूप हवाच असेल तर झोपण्याच्या खोलीपासून दूर, खिडकी उघडून. थंडीत सकाळी नऊपर्यंत खिडक्या बंद, मग दिवसभर सताड उघड्या, हा आमच्या घरचा नेम.

आणि शेजाऱ्यांशी बोला. आमच्या गल्लीत रोज सकाळी पाला पेटायचा. तक्रार करण्याऐवजी मी झाडणाऱ्या मावशींना विचारलं, "मावशी, पाला न्यायला गाडी आली तर पेटवाल का?" त्या म्हणाल्या, "गाडी कुठं येती बाई? धूर आमच्याच डोळ्यात जातो की." मग चार घरांनी मिळून मागच्या मोकळ्या जागेत विटांचा हौद बांधला. पाला त्यात पडतो, वर शेणकाला आणि पाणी. पावसाळ्यानंतर खत निघतं, ते मावशी आपल्या परसातल्या पपईला नेतात. आमच्या गल्लीत पाला पेटायचा थांबला. पलीकडच्या गल्लीत अजून पेटतो, तिथल्या लोकांना या दिवाळीआधी हौद दाखवायला बोलावलंय.